शाईत उतरलेले नगर

1840 नंतरच्या दोन-चार वर्षांत पॅरिसमध्ये एका मोठ्या चित्रसंग्रहाचे भाग एकामागून एक निघत होते. नाव ‘एक्सकुर्सियाँ दागेरियेन’. प्रकाशक नोएल लरबूर हा व्यवसायाने भिंगे आणि दृष्टियंत्रे विकणारा माणूस. युरोप, इजिप्त, ग्रीस अशा ठिकाणांहून त्याने डाग्युरोटाइप, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उमटवलेली छायाचित्रे, मागवले आणि त्यांवरून जगातील नामांकित इमारतींची शंभराहून अधिक चित्रे छापून विकली. यांतली बहुतेक चित्रे छायाचित्रे नाहीत. डाग्युरोटाइपवर पारदर्शक कागद ठेवून कारागिराने रेषा उतरवल्या, त्या तांब्याच्या पत्र्यावर नेल्या, अ‍ॅक्वाटिंटच्या रीतीने पत्रा अम्लात कोरला आणि वाटले तिथे माणसे, घोडागाड्या, ढग घातले. थोडी चित्रे मात्र वेगळ्या कुळातली आहेत. त्यांत एक पॅरिसच्या नगरभवनाचे, म्हणजे ‘ओतेल द व्हिल’चे आहे. या चित्रात कारागिराने रेषा ओढली नाही. ज्या पत्र्यावर प्रकाशाने चित्र उमटवले तोच पत्रा अम्लाने कोरला गेला, त्यावर शाई चढली आणि तो दाबयंत्राखालून गेला. ही रीत इपोलित फिझो या तरुण भौतिकशास्त्रज्ञाची. प्रकाशाचा वेग जमिनीवर मोजणारा म्हणून 1849 मध्ये त्याचे नाव झाले, आणि त्या कीर्तीखाली हे आधीचे काम जवळजवळ झाकले गेले. नगराच्या वास्तूचे छायाचित्र सार्वजनिक वस्तू कधी झाले, या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या पेटीपेक्षा या कोरलेल्या पत्र्यात अधिक सापडते, असे माझे म्हणणे आहे. इमारतीचा फोटो काढला म्हणजे नगराला आपली प्रतिमा मिळाली असे होत नाही. ती प्रतिमा शाईत उतरावी लागते, अनेकांच्या हाती पडावी लागते आणि टिकावी लागते. ही तिन्ही कामे छापणाऱ्यांनी केली, आणि इतिहास लिहिताना आपण त्यांनाच वगळत आलो.

छायाचित्रण आधी आले आणि त्याच्या छपाईची चिंता मागाहून सुरू झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. क्रम नेमका उलटा आहे. निसेफोर न्येप्सला जे हवे होते ते छपाईचे साधन. तो शिळाछापाच्या प्रयोगांतून या वाटेला लागला. प्रकाश पडला की बिट्युमेन हे डांबर घट्ट होते, न पडलेल्या जागी ते तेलात विरघळते, एवढ्या गुणावर त्याची सगळी भिस्त होती. 1826 मध्ये त्याने कार्डिनल दांब्वाझ यांचे एक जुने कोरीव चित्र कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर प्रकाशाने उतरवले. पॅरिसचा कुशल खोदकाम करणारा लमेत्र याने तो पत्रा अम्लाने खोल केला आणि त्यावरून कागदी प्रती काढल्या. खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे जे धूसर चित्र आज जगातील पहिले छायाचित्र म्हणून दाखवले जाते, ते याच माणसाने याच द्रव्याने केले. म्हणजे त्या छपरांच्या मागे छापखाना उभा होता. 1833 मध्ये न्येप्स वारला. त्याचा भागीदार दागेर याने बिट्युमेन सोडून चांदी, आयोडीन आणि पारा यांची वाट धरली. चित्र थक्क करणारे मिळाले, आणि त्याच क्षणी छपाईचे दार बंद झाले. डाग्युरोटाइप ही एकमेव वस्तू असते. तिची दुसरी प्रत नाही, ती हातात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही, बोट लागले तर पुसली जाते, आणि तीत उजवे ते डावे दिसते.

हा शेवटचा दोष वास्तूच्या बाबतीत साधा नाही. माणसाचा चेहरा उलटा दिसला तर आपण आरशाला सरावलेलो असल्याने तो खपतो. नगरभवनाची दर्शनी बाजू उलटी झाली तर घड्याळ, शिलालेख, शेजारची गल्ली सगळे चुकते, आणि त्या चौकातून रोज जाणारा माणूस लगेच ओळखतो की हे आपले गाव नव्हे. फिझोच्या पत्र्यावर शाई लावून कागद दाबला की उलटे चित्र पुन्हा उलटून सरळ होते. छापण्याच्या साध्या कृतीनेच नगर आपल्या जागी परत येते. दागेरने 1838 मध्ये टिपलेले बुलव्हार द्यू तांप्लचे प्रसिद्ध दृश्य याच्याशी ताडून पाहावे. त्यातली गाड्यांची वर्दळ दीर्घ उघडझापीमुळे नाहीशी झाली आणि बूट पुसून घेणारा एक स्थिर माणूस तेवढा उरला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या पत्र्याचे पुढे काय झाले ते कमी सांगितले जाते. तो बव्हेरियाच्या राजाकडे भेट म्हणून गेला, म्युनिकमध्ये राहिला आणि विसाव्या शतकात साफसफाईच्या प्रयत्नात त्याचे चित्र जवळपास नष्ट झाले. पॅरिसचा एक रस्ता पॅरिसकरांसाठी कधी नव्हताच. तो एका राजाच्या कपाटात होता. आज आपण तो पाहतो तो आधी घेतलेल्या छापील प्रतिकृतींमुळे.

फिझोची रीत तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात पुढच्या साठ-सत्तर वर्षांच्या छपाईचे बीज आहे. डाग्युरोटाइपमध्ये उजळ भाग म्हणजे पारा आणि चांदीचा संयोग, आणि गडद भाग म्हणजे उघडी चांदी. काही अम्लांचे मिश्रण असे निघाले की ते पाऱ्याच्या भागाला सोडून उघड्या चांदीलाच खाते. त्यामुळे गडद जागा खोल होतात, आणि खोल जागा म्हणजे शाई धरणारी जागा. सावली स्वतःच खळगा होते आणि खळगा पुन्हा कागदावर सावली होतो. अडचण एवढीच की चांदीवर क्लोराइडचा थर साचतो आणि अम्लाचे काम थांबते. तो थर अमोनियाने धुऊन पुन्हा अम्ल द्यावे लागते. इतके करूनही खोली पुरेशी येत नव्हती. तेव्हा फिझोने खळग्यांत वाळणारे तेल भरले, विजेच्या साहाय्याने वरच्या भागांवर सोन्याचा पातळ मुलामा दिला, तेल काढून टाकले आणि सोन्याच्या संरक्षणाखाली खळगे नायट्रिक अम्लाने आणखी खोल केले. रुंद सावल्यांत शाई ठरत नाही, पुसताना निघून जाते. म्हणून त्याने खोदकाम करणाऱ्यांची जुनी राळेच्या दाण्याची युक्ती उसनी घेतली. चांदी मऊ, थोड्या प्रतींनंतर झिजते, म्हणून शेवटी पत्र्यावर तांब्याचे कवच चढवले. या यादीत भौतिकशास्त्रज्ञ, मुलामा देणारा, खोदकाम करणारा आणि छापणारा असे चौघे एकत्र काम करताना दिसतात. फिझोआधी पॅरिसमध्ये दोने आणि व्हिएन्नात बेरेस या दोन वैद्यकवाल्यांनी डाग्युरोटाइप कोरण्याचे प्रयत्न केले होते, तेही शोधाच्या जाहीर घोषणेनंतर वर्षभराच्या आतच. नवी कला हाती येते न येते तोच तिला शाईत बांधण्याची धडपड सुरू झाली, ही घाई बोलकी आहे.

या धडपडीत इमारतींचीच चित्रे पुन्हा पुन्हा का येतात? दगड हलत नाही, हे कारण सगळे देतात आणि ते खरेही आहे. पण तेवढे पुरत नाही. झाडेही फारशी हलत नाहीत, आणि मेलेल्या पक्ष्यांची, फळांची चित्रेही त्या काळात होती. मला वाटते खरे कारण सामग्रीच्या स्वभावात आहे. राळेच्या दाण्याने पडणारा खरखरीत पोत मानवी कातडीवर विद्रूप दिसतो. चुनखडीच्या दगडावर तोच पोत दगडाचाच वाटतो. कोरीव दरवाजावर उन्हाची तिरीप पडली की उजेड आणि सावली यांच्या सीमा स्पष्ट असतात, आणि अम्लाला स्पष्ट सीमा हवी असते. त्यामुळे छपाईतल्या उणिवा वास्तूने पोटात घेतल्या. 1852 मध्ये लमर्सिये या शिळाछापवाल्याने लरबूर आणि दोन रसायनज्ञ यांच्या साथीने बिट्युमेन लावलेल्या दगडावरून थेट छायाचित्रे छापली. पुढे निघालेल्या त्यांच्या छोट्या संचात जुन्या चर्चचे दरवाजे आणि शिल्पे होती. दगडावरून छापलेला दगड पाहताना या तंत्राची आणि या विषयाची जोडी किती नैसर्गिक होती ते कळते. याला दुसरी बाजूही होती, पैशाची. व्यक्तिचित्राला गिऱ्हाईक एक, फार तर एक कुटुंब. नगरभवनाच्या चित्राला गिऱ्हाईक अख्खे शहर, प्रवासी, वास्तुशास्त्र शिकणारे, सरकारी खाती. पत्रा कोरण्याचा खर्च प्रती विकूनच भरून निघतो, आणि अनेकांना एकच चित्र हवे असे विषय फार थोडे असतात.

आता फ्रान्सच्या सरकारने याच काळात काय केले ते पाहावे, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत ठोस पुरावा तिथे आहे. 1851 मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवले. बाल्ड्यूस, बायार, ल ग्रे, ल सेक आणि मेस्त्राल. ‘मिसिओं एलियोग्राफिक’ या नावाने ही मोहीम पुढे प्रसिद्ध झाली. दुरुस्तीची गरज असलेली चर्च, किल्ले, पूल, रोमन अवशेष यांची नोंद घ्यायची होती. ल ग्रेने कागदी निगेटिव्हला आधी मेण पाजण्याची रीत त्याच सुमारास बसवली होती, त्यामुळे प्रवासात कागद अगोदर तयार करून नेता येत होता. माणसे निवडक, साधने उत्तम, काम अव्वल दर्जाचे. आणि मग आयोगाने ती निगेटिव्ह ताब्यात घेतली आणि फायलींत ठेवली. संग्रह प्रकाशित झाला नाही. त्या काळच्या जाणकारांनी याबद्दल हळहळ व्यक्त केली. आयोगाचा हेतू प्रशासकीय होता, त्याला दुरुस्तीची यादी हवी होती आणि ती मिळाली, असे म्हणून कोणी सरकारची बाजू घेईल. ती बाजू मला मान्य आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? जगातील पहिल्या सरकारी वास्तुछायाचित्रणाच्या मोहिमेने पुढच्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांत फ्रान्सच्या वास्तूंचे कोणतेही चित्र उभे केले नाही. विसाव्या शतकात संशोधकांनी ती निगेटिव्ह बाहेर काढली तेव्हा ती कलाकृती म्हणून नव्याने जन्माला आली. काढलेला आणि न छापलेला फोटो सार्वजनिक जीवनात नसल्यासारखाच असतो.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. निगेटिव्हवरून चांदीच्या कागदावर प्रती काढता येत होत्याच की! इंग्लंडच्या टॅल्बटने 1840 च्या दशकातच ते सिद्ध केले, त्याच्या ‘पेन्सिल ऑफ नेचर’मध्ये ऑक्सफर्डच्या वास्तू आणि पॅरिसचे रस्ते चिकटवलेल्या प्रतींच्या रूपाने आले. लील शहराजवळ ब्लांकार-एव्हरारने 1851 मध्ये छायाचित्रांचा छापखानाच काढला. उन्हावर अवलंबून न राहता रसायनाने प्रत उमलवण्याची त्याची रीत इतकी वेगवान होती की एका निगेटिव्हवरून दिवसाला शेकडो प्रती निघत. माक्सिम द्यू कांच्या इजिप्त-प्रवासाच्या ग्रंथातली 125 चित्रे तिथलीच, आणि त्या प्रती आजही चांगल्या स्थितीत आहेत. मग शाई कशाला? हा आक्षेप अर्धा खरा आहे. चांदीच्या प्रतीत सावलीचे जे मऊ उतार येतात ते त्या काळच्या कुठल्याही शाईला साधले नाहीत, आणि हे कबूल केल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण ब्लांकार-एव्हरारचा कारखाना 1855 मध्ये बंद पडला. इतरांच्या प्रती तर त्याच्यासारख्या जपून धुतलेल्याही नव्हत्या. कागदात हायपो हे चित्र पक्के करणारे रसायन राहून गेले की चांदी गंधकाशी संयोग पावते, चित्र पिवळे पडते आणि कडांपासून विरू लागते. ही तक्रार इतकी वाढली की लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने 1855 मध्ये प्रती फिक्या पडण्याची कारणे शोधायला खास समिती नेमली आणि तिच्या खर्चासाठी राणीचा पती प्रिन्स अल्बर्ट याने पैसे दिले. शतकानुशतके उभ्या राहणाऱ्या चर्चचे चित्र दहा वर्षांत उडून जावे, ही विसंगती लोकांना बोचत होती. खुद्द टॅल्बट, ज्याने चांदीची कागदी प्रत जगाला दिली, त्याने आयुष्याचा पुढचा मोठा भाग शाईसाठी वेचला. 1852 आणि 1858 मध्ये त्याने पोलादावर आणि तांब्यावर प्रकाशाने कोरण्याच्या पद्धतींचे हक्क घेतले. संशोधकाने आपल्याच शोधाबद्दल दिलेला हा निवाडा मला कोणत्याही टीकाकारापेक्षा वजनदार वाटतो.

फ्रान्समध्ये हीच गोष्ट एका सरदाराने पैशाच्या भाषेत मांडली. ड्यूक द ल्विन हा पुरातत्त्वाचा अभ्यासक होता. 1856 मध्ये त्याने फ्रेंच फोटोग्राफिक सोसायटीमार्फत दहा हजार फ्रँकचे इनाम ठेवले. त्यातला लहान भाग चांदीची प्रत टिकाऊ करणाऱ्याला आणि मोठा भाग छायाचित्र शाईने छापण्याची खात्रीची रीत देणाऱ्याला. कोळशाच्या काजळीची शाई जुन्या हस्तलिखितांत आणि छापील ग्रंथांत शतकानुशतके टिकली आहे, तेव्हा टिकण्याची परीक्षा तिने आधीच दिली आहे, हा त्यामागचा विचार. मोठे इनाम पुढे 1867 मध्ये आल्फोंस पोआतव्हँ याला मिळाले. जिलेटिनमध्ये पोटॅशियम बायक्रोमेट मिसळले की प्रकाश लागलेला भाग पाणी सोडतो आणि चिकट शाई धरतो, या गुणावर त्याची रीत उभी होती, आणि कोलोटाइपपासून फोटोलिथोपर्यंतची सगळी वंशावळ तिथून निघते. शार्ल नेग्रला इनाम मिळाले नाही. त्याने शार्त्रच्या चर्चच्या दक्षिणद्वाराचे जे मोठे एलियोग्राव्ह्यूर, म्हणजे प्रकाशाने कोरलेल्या पत्र्यावरचे चित्र, छापले ते मात्र त्या स्पर्धेतले सर्वांत सुंदर काम आहे असे मला वाटते. सोन्याचे मुलामे, अम्लाचे थर आणि राळेचे दाणे यांतून निघालेली ती प्रत पाहताना छायाचित्र आणि मुद्राचित्र यांमधली सीमा कुठे आखावी हे कळेनासे होते. ल्विनने पुढे मृत समुद्राच्या आपल्या प्रवासाची चित्रे छापण्याचे काम नेग्रकडेच दिले.

दुसरा आक्षेप याहून धारदार आहे. कारागिराचा हात लागला की साक्ष दूषित होते, असा तो आक्षेप. लरबूरच्या संग्रहात कारागिरांनी चौकात न आलेल्या माणसांना चौकात उभे केले. मग असल्या छापाला नगराचा दस्तऐवज कसे म्हणायचे? माझे उत्तर असे की हात कुठे लागला नव्हता ते आधी दाखवा. एद्वार बाल्ड्यूस हा मोहिमेतला सर्वांत नावाजलेला छायाचित्रकार. आर्लच्या सां-त्रोफिम मठाच्या ओवरीचे त्याचे चित्र सुमारे दहा निगेटिव्ह कापून जोडून केलेले आहे आणि सांधे त्याने रंगाने बुजवले आहेत. अंधाऱ्या ओवरीत एकाच वेळी सर्वत्र नीट प्रकाश देणारे भिंग त्या काळी नव्हते, म्हणून डोळ्याला जे दिसते ते दाखवण्यासाठी त्याने हा उद्योग केला. निगेटिव्हवर आकाश शाईने झाकणे ही तर रोजची गोष्ट होती. आणि दागेरच्या अस्पर्श पत्र्याने अख्ख्या रस्त्यावरची गर्दी गिळली, त्याला आपण खोटेपणा म्हणत नाही, तर मर्यादा म्हणतो. मग लरबूरच्या कारागिराने रस्त्यात माणसे घातली, ती रस्ता ओस नसतो हे सांगण्यासाठी घातली, असे म्हणायला काय हरकत आहे? तरीही मी दोन्ही गोष्टी एका मापाने तोलणार नाही. घातलेली माणसे ही कल्पना, आणि फिझोच्या पत्र्यातला खांब हा खांबाचा ठसा. हा फरक खरा आहे. तो ओळखण्यासाठी मात्र पत्रा कसा तयार झाला हे ठाऊक हवे, छापाच्या कडेला असलेली खोदकाम करणाऱ्याची आणि छापणाऱ्याची नावे वाचता यायला हवीत. म्हणजे हा आक्षेप आपल्याला छापखान्यापासून दूर नेत नाही, तर त्याच्या आत नेतो.

मे 1871 मध्ये कम्यून या बंडखोर नगरसत्तेच्या शेवटच्या आठवड्यात पॅरिसचे नगरभवन जळाले. सोळाव्या शतकात राजा फ्रान्स्वा पहिला याच्या काळात पाया घातलेली आणि एकोणिसाव्या शतकात बरीच वाढवलेली ती वास्तू. आत शहराचे दप्तर होते, शहराचे ग्रंथालय होते. जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदींची एक प्रत महापालिकेकडे आणि दुसरी न्यायालयाकडे असे. त्या एका आठवड्यात दोन्ही आगीत गेल्या आणि 1860 पूर्वीच्या पॅरिसच्या असंख्य कुटुंबांचे कागदी अस्तित्व पुसले गेले. दोन प्रती पुरेशा नसतात, हा धडा त्या शहराने फार मोठी किंमत देऊन घेतला. यानंतर जे घडले ते माझ्या दृष्टीने या विषयाचे मर्म आहे. झ्युल कूझँ या ग्रंथपालाने स्वतः जमवलेली पुस्तके आणि मुद्राचित्रे शहराला देऊन टाकली आणि त्यावर कार्नाव्हाले वाड्यात नवे ऐतिहासिक ग्रंथालय उभे राहिले. शहराची स्मृती शहराच्या कोठारात जळाली आणि एका नागरिकाच्या घरातून परत आली. हे शक्य झाले कारण चित्रे आणि ग्रंथ अनेक प्रतींत छापून विकले गेले होते, लोकांनी ते विकत घेतले होते, आणि प्रती घरोघरी विखुरल्या होत्या. नगरभवनाची नवी वास्तू 1870 आणि 1880 च्या दशकांत बालू आणि देपेर्त यांनी बांधली तेव्हा दर्शनी भाग जुन्या रूपाच्या धर्तीवर ठेवला. वास्तुविशारदांना त्यासाठी छायाचित्रांची गरज नव्हती, व्हिक्टर कालियाने 1844 मध्येच त्या इमारतीची मोजमापांसह रेखाचित्रे प्रसिद्ध केली होती, असे कोणी सांगेल. बरोबर आहे. पण कालियाची रेखाचित्रेही कोरून छापलेलीच होती, आणि इमारत कशी बांधावी एवढेच ती सांगतात. वारा-पावसाने रंगलेली, उन्हात उभी असलेली वास्तू डोळ्यांना कशी दिसत होती हे सांगण्याचे काम फिझोच्या पत्र्याचे.

सर्वांत अवघड आक्षेप अजून बाकी आहे. फिझोची रीत व्यापारात अपयशी ठरली. अशा थोड्याच पत्र्यांवर ती थांबली, प्रती मर्यादित निघाल्या, खर्च अफाट. तिला पाया मानून इतिहास कसा रचायचा? अपयशी रीतींचे मोल त्यांच्यापाठी कोण आले यावर ठरते. व्हिएन्नात कारेल क्लिच याने 1879 च्या सुमारास फोटोग्राव्ह्यूर सिद्ध केले तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी तापवून बसवणे आणि प्रकाशाने ठरवलेल्या खोलीपर्यंत कोरणे, हे दोन्ही पाय फिझो आणि टॅल्बट यांच्याच वाटेवर होते. क्लिचकडून ही विद्या ग्लासगोच्या जेम्स क्रेग अ‍ॅननने 1883 मध्ये शिकून घेतली, आणि तिथे आपल्याला आणखी एक नगर भेटते. जेम्सचा बाप टॉमस अ‍ॅनन याने 1868 ते 1871 या काळात ग्लासगो शहराच्या सुधारणा ट्रस्टसाठी पाडल्या जाणाऱ्या जुन्या गल्ल्यांची आणि वाड्यांची छायाचित्रे काढली होती. आधी अल्ब्युमेनच्या, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरच्या मोजक्या प्रती निघाल्या. सात-आठ वर्षांनी टिकाऊ कार्बन प्रती. आणि 1900 मध्ये, बाप गेल्यावर आणि त्या गल्ल्याही गेल्यावर, फोटोग्राव्ह्यूरची आवृत्ती. एकच निगेटिव्ह तीनदा छापली गेली आणि दर वेळी तिचा वाचक बदलला. आधी ट्रस्टचे सभासद, मग शहरातले प्रतिष्ठित, शेवटी संग्रह करणारे आणि वाचनालये. त्या चित्रांचा अर्थ ठरवताना फक्त 1868 ची तारीख सांगणे म्हणजे अर्ध्याहून अधिक गोष्ट गाळणे होय.

आपल्याकडेही हाच प्रवास झाला, थोडा उशिरा आणि सरकारी वळणाने. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची. त्यानंतर दोनच वर्षांत जॉन्सन आणि हेंडरसन यांचा मासिक अल्बम मुंबईत निघू लागला, प्रत्येक अंकात खऱ्या प्रती चिकटवलेल्या. 1866 मध्ये मुंबई इलाख्यातल्या विजापूर आणि अहमदाबाद या शहरांच्या वास्तूंवर दोन भव्य ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाले. बिग्झसारख्या लष्करी अधिकाऱ्यांनी काढलेली छायाचित्रे, वास्तु-इतिहासकार फर्ग्युसनचे विवेचन, आणि खर्चाला प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या मुंबईच्या धनिकांचा हात. एकेक चित्र हाताने चिकटवलेले. असा ग्रंथ किती घरांत जाणार? विजापूरच्या रहिवाशाला आपला गोलघुमट त्यात पाहायला मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती. शाई आली ती सरकारी वाटेने. इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशाखात्यात 1860 च्या आसपास बसवलेली फोटोझिंकोची रीत, म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर छायाचित्र उतरवून शाईने छापणे, पुण्यात येऊन स्थिरावली. पुण्याचा सरकारी फोटोझिंको छापखाना नकाशे आणि आराखडे छापून महाराष्ट्राच्या जमिनीचा कारभार चालवत आला. तो आमच्या छायाचित्रणाच्या इतिहासात यायला हवा, पण स्टुडिओंच्या यादीत त्याला जागा कशी मिळणार?

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातही छापखान्याची हीच उपेक्षा होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, फोटोलिथो आणि रंगीत ब्लॉक बनवण्याची कामे आत्मसात केलेला हा माणूस 1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून रुजू झाला. प्राचीन वास्तूंची नोंद घेणे हेच त्या खात्याचे काम. ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा खोदकामाचा आणि छपाईचा कारखाना काढला. त्यांचे चरित्रकार ही वर्षे घाईने उरकतात, कारण त्यांना 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाकडे पोचायचे असते. पण वास्तूसमोर कॅमेरा लावणारा माणूस पुढे स्वतः पत्रा कोरतो, ब्लॉक बनवतो आणि शाईच्या यंत्रासमोर उभा राहतो, हा क्रम अपघाताचा नाही. न्येप्स आणि लमेत्र, फिझो आणि लरबूर, नेग्र आणि ल्विन, अ‍ॅनन बाप-लेक यांनी दोन-दोन माणसांत वाटून घेतलेली कामे फाळक्यांनी एकट्याने केली. अशा माणसाच्या हातचे ब्लॉक आणि छाप जिथे कुठे उरले असतील तिथे ते शोधून, छापणाऱ्याच्या नावासह नोंदवायला हवेत.